शुक्रवारचा ब्लॉट

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक यादी आहे. सतरा पायऱ्यांची, प्लास्टिकमध्ये घालून चारही बाजूंनी चिकटवलेली, खाली माझी सही. ती लिहिली तेव्हा माझे केस पूर्ण काळे होते. त्या यादीतल्या सातव्या पायरीने भाविका नावाच्या मुलीचं पाच वर्षांचं काम बुडवलं, आणि ते मला तिने प्रयोगशाळा सोडल्यावर सात वर्षांनी कळलं. कळलं त्या दुपारी मी स्टुलावर बसले ती उठलेच नाही. भांडी धुणाऱ्या पाटीलकाकांनी आणून दिलेलं पाणी तसंच राहिलं.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले गमतीचे अनुभव मागितले होते. तेही आहेत. एका गिऱ्हाइकाने नाजूक नमुना जेवणाच्या डब्यात, मासळीबाजारातल्या बर्फात पुरून पाठवला होता. उघडल्यावर सगळ्या मजल्याला बोंबलाचा वास, आणि नमुना मात्र उत्तम. शिवमंदिराजवळचा आमचा किराणावाला अजून समजतो की मी चहाची टपरी चालवते, कारण महिन्याला एवढी दुधाची पावडर दुसरं कोण नेणार. ती पावडर कशाला लागते ते पुढे येईल. पण मन सध्या दुसरीकडे आहे, म्हणून तेच लिहिते.

मी राहते बदलापूर गावात, काम करते अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत. आजूबाजूला रंगाचे, औषधांचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने आणि मधे आमची दोन मजली खासगी संशोधन प्रयोगशाळा. मी शास्त्रज्ञ नाही, व्यवस्थापक आहे. कुठली बाटली कुठे, कुठलं यंत्र कधी दुरुस्त झालं, कोणी कुठली पायरी किती वाजता केली, हे सगळं माझ्याकडे असतं. घरीही माझ्या याद्या असतात. आमचे हे म्हणतात, लग्नाच्या दिवशी हिच्या हातात अंतरपाट दिला असता तर तिने त्याचीही नोंद केली असती.

काम काय ते सोप्या भाषेत सांगते. आपल्या प्रत्येक पेशीला तेलकट पातळ पडदा असतो. त्या पडद्यात प्रथिनं बसलेली असतात, दाराला कडी असावी तशी. काय आत येईल, काय बाहेर जाईल ते ती ठरवतात. एखाद्या आजारात हवं ते प्रथिन पडद्यात आहे की नाही, हे शोधायचं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला नेमकं चिकटणारं काहीतरी लागतं. ते म्हणजे अँटिबॉडी. ती सशाच्या शरीरात तयार करून घेतात. सशाला त्या प्रथिनाचा छोटा तुकडा टोचला की त्याचं रक्त त्या तुकड्याला ओळखायला शिकतं.

मग पेशी फोडायच्या, साबणासारख्या द्रावणात मिसळायच्या, उकळायच्या आणि खरवसासारख्या जेलमध्ये वरून सोडायच्या. वीज लावली की प्रथिनं खाली धावतात. लहान पुढे, मोठी मागे. ती तशीच्या तशी एका पांढऱ्या कागदावर उतरवून घ्यायची. कागदाची रिकामी जागा दुधाच्या पावडरीने भरायची, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. मग अँटिबॉडी ओतायची आणि शेवटी फोटो. हवं ते प्रथिन असेल तिथे काळी आडवी पट्टी उमटते. तिला सगळे बँड म्हणतात आणि या सगळ्या खटाटोपाला ब्लॉट.

त्या कागदालाही मेम्ब्रेन म्हणतात आणि पेशीच्या पडद्यालाही. भाविका म्हणायची, "मॅडम, एका मेम्ब्रेनमधून काढायचं आणि दुसऱ्या मेम्ब्रेनवर चिकटवायचं. माझी सगळी पीएचडी म्हणजे घर बदलणं आहे."

भाविका उल्हासनगरची, सिंधी घरातली. वडिलांचं फर्निचरचं दुकान. मराठी शाळेत शिकलेली, पण उत्साहात आली की वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायची. तिचं प्रथिन मूत्रपिंडाच्या पेशींवरचं. काही कुटुंबांतल्या मुलांत ते पडद्यापर्यंत पोचतच नाही आणि मुलांच्या शरीरातले क्षार लघवीवाटे निघून जातात. ते पडद्यात आहे की नाही हे पाहायला बाजारात अँटिबॉडी नव्हती. तिने स्वतः तुकडा निवडला, स्वतः ससे ठरवले, वर्षभर वाट पाहिली आणि अँटिबॉडी तयार करून घेतली. ती चालली तर पीएचडी, नाही चालली तर काही नाही, असा सरळ हिशेब होता.

आता शुक्रवारबद्दल सांगायला हवं. आमच्या वसाहतीत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. विजेची दुरुस्ती त्याच दिवशी निघते, आणि जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात काम असलं की पाणीही त्याच दिवशी बंद. आम्ही मात्र शुक्रवारी येतो, कारण वाढवलेल्या पेशींना सुट्टी कळत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालेल याची यादी अर्थातच माझी. फ्रीझर, पेशींचं कपाट, जेलचा डबा. नमुने उकळायचा गरम ठोकळा त्यात नव्हता, कारण तो फार वीज खातो.

अशाच एका शुक्रवारी सकाळी भाविकाचे नमुने तयार झाले आणि लाइट गेली. तिने तासभर वाट पाहिली आणि न उकळताच ते जेलमध्ये सोडले. दुसऱ्या दिवशी फोटो निघाला. मी जिन्यात होते. ती वरून धावत आली.

"मॅडम, बँड आला. एकदम साफ. ज्या पेशींत पाहिजे त्यात आला, ज्यात नाही पाहिजे त्यात कुछ भी नहीं."

मी तिची वही मागितली. आमच्याकडे प्रत्येक पानाखाली साक्षीदाराची सही लागते आणि ती मी करते. पान वाचलं. सातव्या, म्हणजे नमुने उकळायच्या पायरीपुढे वेळ नव्हती, 'लाइट नाही, उकळले नाही' एवढंच होतं.

"वेळ राहिली," मी म्हटलं.

"लाइट नव्हती ना. तसंच लोड केलं. पण बँड तर आला."

"बँड आला म्हणून कृती बरोबर होत नाही. पुन्हा कर."

मी त्या पानावर लाल पेनाने तिरकी रेघ मारली आणि लिहिलं, 'कृती अपूर्ण, ग्राह्य नाही.' सही केली नाही. हे मी रागाने केलं नव्हतं. मला खरंच वाटलं की मी तिचं भलं करते आहे. उद्या कोणी तपासायला आलं तर अर्धवट पान तिच्याच अंगाशी आलं असतं.

तिने पुन्हा केलं, सातवी पायरी पाळून. बँड आला नाही. पुन्हा केलं. नाही आला. आठवड्याने ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, एकदा न उकळता परत करू?"

"लाइट असताना?" मी म्हटलं. "का, शुक्रवारची वाट बघायची आहे?"

खोलीत सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर आमच्याकडे कुठलाही फसलेला किंवा चमत्कारिक निकाल आला की लोक म्हणायचे, 'शुक्रवारचा ब्लॉट आहे.' हा शब्द माझ्यामुळे रुजला. नवीन आलेली मुलंसुद्धा तो वापरायची, तो कुठून आला हे माहीत नसताना.

पुढे दोन वर्षं तिने सगळं बदलून पाहिलं. द्रावणं, पावडर, कागद, अँटिबॉडीचं प्रमाण. फक्त सातवी पायरी बदलली नाही. शेवटी आमच्या सरांनी, प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सांगितलं, अँटिबॉडी वाईट आहे, प्रकल्प बंद. जाताना तिने टेबल पुसलं, उरलेल्या नळ्यांची यादी करून माझ्याकडे दिली. यादी इतकी नीटनेटकी होती की मी सगळ्यांना दाखवली. म्हटलं, माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी आहे.

आता यंदाचं. उन्हाळ्यात एका बाहेरच्या प्राध्यापकांचे नमुने आले. प्रत्येक नळीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, उकळू नये. सोबतच्या पत्रात तीनदा तेच. मला अशी गिऱ्हाइकं माहीत आहेत. पैसे देतात म्हणजे स्वयंपाकही शिकवतात. मी पाटीलकाकांना म्हटलं, "बघा, यांना घरबसल्या आपल्यापेक्षा जास्त कळतं."

पाटीलकाका जांभूळचे, भात लावून उरलेल्या वेळात आमची काचेची भांडी धुतात असं स्वतःच सांगतात. ते म्हणाले, "मग दोनी करून दाखव ना, बाय. एक त्यांचा, एक तुजा. भांडन मिटला."

मी तेच केलं. प्राध्यापकांना त्यांची चूक फोटोसकट पाठवायची म्हणून. अर्धे नमुने उकळले, अर्धे नाही. शेजारी शेजारी सोडले.

फोटो आला. न उकळलेल्या रांगांत टपोरे, स्वच्छ बँड. उकळलेल्या रांगा कोऱ्या.

मी यंत्र पुसलं आणि पुन्हा फोटो काढला. तसाच. मग पत्राच्या शेवटी दिलेलं कारण वाचलं. बहुतेक प्रथिनं उकळली की त्यांची घडी सुटते आणि साबणाच्या द्रावणात ती सरळ धावतात, म्हणून उकळायचं. पण काही प्रथिनं पडद्यातून धावदोऱ्यासारखी आत-बाहेर आत-बाहेर जातात, दहा-बारा वेळा. त्यांचे तेलकट भाग उकळल्यावर एकमेकांना धरतात आणि गोळा होतो. अंड्यातला पांढरा भाग उकडला की पुन्हा पातळ होत नाही, तसा. तो गोळा जेलमध्ये शिरतच नाही. वरच्या तोंडाशी अडकून बसतो.

हे काही गुपित नव्हतं. पडद्याच्या प्रथिनांवर काम करणाऱ्यांना ठाऊक असतं. आमच्या कपाटातल्या माहितीपत्रकातही बारीक अक्षरांत होतं. ते पत्रक मीच लेबल लावून फाइल केलं होतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं रक्तातल्या साध्या प्रथिनांचं काम आलं, त्यांना सातवी पायरी चालत होती, म्हणून मी समजले की ती सगळ्यांना चालते.

मग मला अकरावी पायरी आठवली. 'जेलचा वरचा तुकडा कापून टाकावा.' तो भाग बुळबुळीत असतो, कागदावर नीट बसत नाही, म्हणून आम्ही तो पातीने कापून कचऱ्याच्या पिशवीत टाकतो. त्याला काका चिंधी म्हणतात. कैक वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "ही वरची चिंधी रोज फेकता. तिच्यात काय नाय, ह्ये कोनी बगितलंय काय?" मी म्हटलं होतं, "काका, तुम्ही बाटल्या बघा."

म्हणजे दोन वर्षं भाविकाचं प्रथिन सातव्या पायरीला गोळा होत होतं आणि अकराव्या पायरीला पिशवीत जात होतं. दोन्ही पायऱ्या माझ्या. आणि ज्या एका दिवशी ते खरंच दिसलं, त्या दिवसावर लाल रेघही माझी.

हे अजून माझं अनुमान होतं. मी तळमजल्यावर जाऊन तिची यादी काढली. उणे ऐंशीचा फ्रीझर, तिसरा कप्पा, डावीकडून चौथा डबा. पेशींच्या दोन नळ्या, अँटिबॉडीची एक. सात वर्षं कोणी हात लावला नव्हता, कारण मी काही फेकत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जेल लावलं. तिच्या नमुन्याचे दोन भाग, एक उकळलेला, एक न उकळलेला. आणि यादी केल्यापासून प्रथमच वरचा तुकडा कापला नाही.

काका मागे उभे होते. यंत्राच्या पडद्यावर फोटो हळूहळू उमटला. न उकळलेल्या रांगेत बँड होता, तिच्या वहीतल्या त्या लाल रेघेखालच्या फोटोत होता नेमका त्याच उंचीवर. उकळलेल्या रांगेत खाली काही नाही, आणि अगदी वर, चिंधीच्या जागी, काळा डाग. शाई सांडल्यासारखा.

काकांनी वाकून त्या डागाजवळ तोंड नेलं. मग म्हणाले, "चिंधीतच व्हता म्हंजे."

तेव्हा मी स्टुलावर बसले. तुम्ही घराला कुलूप लावून रोज दोनदा ओढून बघता आणि वर्षांनी कळतं की कोणीतरी आत कोंडलेलं होतं, असं काहीसं वाटलं. माझ्या हातून चुका झाल्या आहेत, पण त्या नोंद करायची विसरल्याच्या. नोंद इतकी नीट ठेवून, सगळं डोळ्यांसमोर असून चूक झाली, असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. लाइट नव्हती, उकळलं नाही, बँड आला. तिने तिन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. मी वाचल्या होत्या.

सर म्हणाले, "झालं ते झालं. आपण आता हा निकाल लिहून टाकू." मी म्हटलं, "पहिलं नाव तिचं असेल तर." सर म्हणाले, "ती क्षेत्र सोडून गेली, म्हात्रेबाई." मी म्हटलं, "मी जाऊन विचारून येते."

उल्हासनगरला दुकान सापडायला वेळ लागला नाही. पुढे सोफे, मागे दिवाणांच्या उभ्या केलेल्या पाठी, आणि त्यांच्यामध्ये टेबलाशी भाविका. गिऱ्हाइकाशी सिंधीत बोलत होती. मला पाहून उभी राहिली.

"मॅडम? सोफा घ्यायला एवढ्या लांब?"

"तुला काही दाखवायचं आहे."

गिऱ्हाईक गेल्यावर मी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. जुना आणि नवा. कुठली रांग कोणती, ते मी सांगायला लागले, पण तिने हात वर केला. तिला वाचता येत होतं. तिने वरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं.

"हे कापलं नाहीत?"

"नाही."

"आणि हे उकळलं नाही."

"नाही."

ती खुर्चीवर बसली. मागून तिचे वडील म्हणाले, "चाय बोलूँ, बेटा?" तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

मी येताना रिक्षात मुद्दे लिहून काढले होते. एक, चूक माझी. दोन, शोध तुझा. तीन, पहिलं नाव तुझं, सर तयार आहेत. चार, पीएचडीसाठी विद्यापीठात काय करता येईल याची मी चौकशी करते. मी कागद उघडला आणि तो तिच्यापुढे सरकवला.

"मॅडम, एक सांगू?" ती म्हणाली. "त्या शुक्रवारनंतर दोन वर्षं मी एकदाही सातवी पायरी चुकवली नाही. लाइट गेली तर थांबायचे. तुम्हाला परत रेघ मारायला लागू नये म्हणून."

मी टेबलावरचा कागद उचलून त्याची घडी घातली.

चहा आला. तिने बशीत ओतला, प्यायली नाही. मग म्हणाली, "नाव असंच नको. सात वर्षं झाली. माझ्या हाताने एकदा करून बघेन, आलं तर नाव. अँटिबॉडी उरली आहे?"

"एका वेळेपुरती."

"मग चुकायला चान्स नाही." तिने दुकानाच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "शुक्रवारी येते. त्या दिवशी आमच्याकडेही लाइट नसते, दुकान बंदच असतं." आणि मग, कॅलेंडरवरून नजर न काढता, "तुम्हीच म्हणाला होता ना, शुक्रवारची वाट बघायची."

शुक्रवारी ती दहाला आली. काकांनी तिच्या जुन्या टेबलावरच्या बाटल्या आधीच हलवून ठेवल्या होत्या. "आलीस गो," एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले. सुरुवातीला ती प्रत्येक बाटलीचं लेबल दोनदा वाचत होती. सातव्या पायरीला ती थांबली, नळ्या टेबलावर तशाच ठेवल्या, आणि घड्याळ पाहिलं. भिंतीवरच्या यादीकडे एकदाही पाहिलं नाही. अकराव्या पायरीला पाती उचलून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती दुकान वडिलांवर सोपवून पुन्हा आली. कागदावर शेवटचं द्रावण ओतलं, यंत्रात ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला तिच्या खांद्यावरून पडदा दिसत होता. आधी सगळं करडं. मग एक पुसटशी आडवी रेघ. मग काळी.

कपाटातून तिची जुनी वही मी काढून ठेवली होती, ती तिने स्वतः उघडली. लाल रेघेचं पान काढलं. त्याच्या शेजारच्या कोऱ्या पानावर फोटो चिकटवला आणि सगळ्या पायऱ्या लिहिल्या, वेळेसह. सातवीपुढे लिहिलं, 'उकळले नाही. टेबलावर ठेवले. दहा पन्नास ते अकरा वीस.' मग वही माझ्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं.

"साक्षीदार."

मी सही केली. वही परत दिली.

तिने पान वरून खालपर्यंत वाचलं, मी वाचायचे तसं, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. माझ्या सहीशी बोट थांबलं.

"मॅडम," ती म्हणाली, "वेळ राहिली."

मी घड्याळ पाहून वेळ घातली.